आतली कडी

कवळीताईच्या घराच्या दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी कधीतरी होती, पण तिच्या वडिलांनीच ती काढून टाकली आणि स्क्रूची भोकं लाकडाच्या भुशाची लांबी भरून अशी बुजवली की हात फिरवला तरी सापडू नयेत. वडील सुतार. अख्खा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणून हाक मारायचा आणि ती हाक फुकट जायची, कारण मिस्त्रींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आता ज्याला दारावरची थाप ऐकू येत नाही त्याने आतून कडी लावून घेतली, आणि आत काही बरंवाईट झालं, तर बाहेरच्याने करायचं काय? म्हणून कडी नाही. चोराचं म्हणाल तर त्या घरातून न्यायचं काय, रंधे, करवती आणि एक कपाटभर दात.

हो, दात. कवळीताई कवळ्या बनवायची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी हिरडी, आणि शेवटी घासूनपुसून लखलखीत. तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण रस्त्यात कुणाला आठवत असेल तर शपथ. तिची खोड अशी की समोरचा एखादा दात ती मुद्दाम किंचित तिरका बसवायची. सगळे दात शिस्तीत उभे केले की माणूस हसला रे हसला की बिंग फुटतं, असं तिचं म्हणणं. तिच्या कवळ्या घालून म्हातारे खुशाल लग्नाच्या फोटोत दात काढून उभे राहायचे. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. ते का, हे विचारणं रस्त्याने कधीच सोडून दिलं होतं, तर आपणही सोडू.

घर वरच्या मजल्यावर, आणि जमीन लाकडी. फळ्या मिस्त्रींनी स्वतः ठोकलेल्या. कुणाचे कान डोक्याला असतात, मिस्त्रींचे तळपायाला होते. पाय दोनदा आपटला की फळी हलायची आणि ते मान वळवायचे. जिन्यावरून कोण येतंय हे त्यांना पावलावरून कळायचं. लेक घाईत आहे की रुसली आहे हेसुद्धा. खाली शिंप्याचं दुकान होतं. त्याला काही काम असलं की तो लाकडी गजाने छताला ठोसे द्यायचा, आणि वर मिस्त्री रंधा खाली ठेवून हसत जिना उतरायचे. ते आतल्या खोलीत कामात गुंग असले की कवळीताई बाहेरच्या बटणाने दिवा दोनदा भराभर मिचकावायची आणि मग जरा वेळ बंद ठेवायची. म्हणजे जेवायला चला.

बाकी सगळा कारभार खुणांचा, आणि त्या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हेत, घरच्या. गळ्यात टेप अडकवल्यासारखा हात फिरवला की शिंपी. पुढच्या दातांवर नख वाजवलं की कवळीताई. मूठ पोटावर आवळून धरली की भीती वाटते. ही शेवटची खूण तिनेच लहानपणी काढलेली. पोरीला अंधाराची भीती, शाळेच्या बाईंची भीती, कुणी फुगा फुगवायला घेतला तरी भीती. मिस्त्रींनी ती खूण स्वतःबद्दल केलेली मात्र कुणी कधी पाहिली नव्हती. खुणांना अहो-जाहो नसतं, त्यामुळे बापलेक एकमेकांना बिनधास्त अरे-तुरे करायचे आणि कडाकडा भांडायचे. भांडणात हरायची वेळ आली की मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. संपलं. आता बोल किती बोलायचं ते. मग ती चिडून पाय आपटायची, फळ्या हादरायच्या, आणि म्हाताऱ्याला हसू फुटून डोळे उघडावेच लागायचे. आई गेल्यावर त्या घरात हाच काय तो दंगा होता.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस तिच्या मास्तरांनी तिला बाजूला बोलावलं. हे मास्तर म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती कवळ्या शिकली ते. ते म्हणाले, आपण आता दुकान बंद करतोय. डॉक्टर आता तोंडात कॅमेरा फिरवतात, माप बसल्या जागी मोठ्या शहरात जातं, आणि कवळी कुरियरने परत येते. आपल्याकडे येतं कोण? पण शहरातल्या त्या मोठ्या लॅबमध्ये हाताने दात लावणारी माणसं अजून लागतात, मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, आणि राहायला माझ्या चुलत बहिणीची खोली आहे. मास्तरांना वाटलं पोरगी खूश होईल. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हापासून ती मनातल्या मनात हिशोब मांडत बसली. गावात दुसरी लॅब नाही. मिस्त्रींचा हात हल्ली थरथरायचा, त्यांच्याकडे आता मोडकं स्टूल सोडून कुणी काही आणत नसे. म्हणजे न जाऊन चालणार नव्हतं. आणि बाबांना घेऊन जावं, तर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: मोठा रस्ता, मागून येणारी गाडी, हॉर्नवर हॉर्न, आणि बाबा आपले मजेत चाललेत. इथले गाडीवाले त्यांना पाठमोरे ओळखून वळसा घालून जायचे. इथे न्हावी, भाजीवाली, पोस्टमन, सगळे त्यांच्या खुणा बोलायचे. तिथे ते कुणाला काय सांगणार? बरं, त्यांना इथेच ठेवून एकटीने जावं, हा विचार तर ती पुरता मनात येऊच द्यायची नाही. शिंपी म्हणाला, मी आहे की खाली. ती त्याच्यावर अशी खेकसली की बिचाऱ्याच्या हातातली कात्री पडली. स्वतः जेवलो की नाही हे ज्याला बायकोने सांगावं लागतं, तो बाबांना सांभाळणार!

जेवण जाईना, झोप लागेना. आणि तिची पावलं घरात अशी पडू लागली की मिस्त्रींना न सांगताच कळलं, काहीतरी बिनसलंय. त्यांनी विचारलं. तिने टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं, हात थकेपर्यंत. मिस्त्री ऐकतात ते डोळ्यांनी, त्यामुळे मध्येच इकडेतिकडे बघायची सोय नाही. त्यांनी सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, आधी जागा बघू. सुताराचं उत्तर. माप घेतल्याशिवाय माणूस बोलायलाच तयार नाही.

दोघं बसने गेली. खोली चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवा. चौथा मजला, भिंती नुकत्या रंगवलेल्या, एक मोठी खिडकी, एक पलंग, छताला पंखा, दाराच्या वर काचेची छोटी झडप. कवळीताईने पिशवी ठेवली आणि बाबांना काहीतरी दाखवायचं म्हणून सवयीने पाय दोनदा आपटला. मिस्त्री खिडकीतून खाली बघत होते. बघतच राहिले. तिने पुन्हा आपटला, टाच दुखेपर्यंत. सिमेंट ते, हलतंय कशाला. मग तिने स्वतःला समजावलं की बाबांचं लक्ष खाली रहदारीकडे आहे म्हणून कळलं नसेल. माणूस अडला की स्वतःला काय काय समजावतो!

घरमालकीणबाई, म्हणजे मास्तरांची ती चुलत बहीण, मनाने साधी होती. बहिऱ्याशी बोलताना लोक ओरडून का बोलतात देव जाणे. तीही ओरडूनच बोलली. हे शहर आहे, इथे कुणीही जिन्याने वर येतं, दार आतून लावून बसायचं. आणि तिने दाराची वरची कडी सरकवून दाखवली, मग खालची, मग बाहेरच्या दिशेने बोट नाचवलं. मिस्त्रींना ओरडणं नाही पण कडी बरोबर कळली. त्यांनी मान हलवली. कवळीताई तेव्हा पिशवीत आपला एप्रन शोधत होती, तिला लॅबमध्ये हाताचं काम दाखवायला वेळेवर पोचायचं होतं. घरमालकिणीचा शब्द न् शब्द तिच्या कानावर पडला आणि डोक्यात काही म्हणजे काही वाजलं नाही. कसं वाजणार? जन्मापासून दार म्हणजे ढकलायचं, एवढंच तिला ठाऊक. घराची सगळ्यात मोठी शिस्त जी होती ती तिला कधी बोलून दाखवावीच लागली नव्हती, कारण लावायला कडीच नव्हती. तिने बाबांना खुणेने सांगितलं, आलेच मी, आणि दार नुसतं ओढून घेऊन पळाली.

लॅब म्हणजे पांढऱ्या उजेडाची लांबच लांब खोली. ओळीने टेबलं, तोंडाला मास्क, कुणी कुणाशी बोलत नाही. एकजण दिवसभर फक्त दाढा लावतो, दुसरी फक्त घासते. सुपरवायझरने तिच्यासमोर साचा ठेवला आणि म्हणाला, करा. आता खरं सांगायचं तर ती नापास व्हायचं मनात घेऊनच गेली होती. दात वेडेवाकडे लावायचे, त्यांनी नको म्हणायचं, आणि सुटायचं. निर्णय दुसऱ्यानेच घेतलेला काय वाईट? पण हात ऐकतील तर ना. मेण हातात आलं आणि दात आपापल्या जागी जाऊन बसू लागले. समोरचा एक किंचित तिरका बसला, तोही सवयीने. सुपरवायझरने ती कवळी उजेडात धरली, फिरवली आणि विचारलं, हा तिरका मुद्दाम? तिने मान हलवली. तो म्हणाला, जमलंय, संध्याकाळपर्यंत हो की नाही ते फोन करून कळवा, आमच्याकडे दुसरेही लोक आहेत. ती बाहेर आली ती पडलेल्या तोंडाने. पास झाल्यावर कुणाचं तोंड पडलेलं तुम्ही पाहिलंत?

दुपार कलली होती. ती चार मजले चढून आली आणि तिने दार ढकललं. दार हललं नाही.

तिने पुन्हा ढकललं, खांद्याने. आणि मग सकाळचं ते सगळं, घरमालकिणीचं बोट, वरची कडी, खालची कडी, बाबांनी हलवलेली मान, असं एकदम डोक्यात आलं की तिला धाप लागली. तिने दारावर थापा मारल्या. कशाला मारल्या ते तिलाच ठाऊक. लाथा मारल्या. जिन्याच्या चौकात पाय आपटला, पुन्हा आपटला, आणि ते सिमेंट आपलं ढिम्म. शेजारची दारं उघडली. एकजण म्हणाला, अहो बेल वाजवा ना. दुसरी म्हणाली, झोपले असतील, हाका मारा. त्यांना ऐकू येत नाही, हे तिने किती जणांना सांगितलं याची गणतीच नाही, आणि प्रत्येकजण ते ऐकून घेऊन परत बेल वाजवायचा.

घरमालकीण धावत आली, तिच्याकडे किल्ली होती, पण कडीला किल्ली काय करणार. ती रडवेली होऊन म्हणू लागली, मीच सांगितलं गं त्यांना, मीच सांगितलं. दोघातिघांनी दाराला खांदे लावले. वरची कडी करकरली, पण सुटली नाही. कवळीताईच्या डोळ्यांसमोर बाबा जमिनीवर पडलेले होते. ती जमीन बरोबर हीच, गुळगुळीत, गार, कुणाला काही न कळवणारी. घरी ते पडले असते तर खाली शिंप्याला कळलं असतं, त्याच्या टेबलावरच्या टाचण्या हलल्या असत्या. इथे माणूस आडवा झाला तर खालच्या मजल्यावर चहाचा कपसुद्धा हलायचा नाही. आपणच आणलं यांना इथे, हे एकच वाक्य तिच्या मनात फिरत होतं.

कुणीतरी स्टूल आणून दिलं. तिने दारावरच्या झडपेतून आत बघितलं. काचेला रंग लागलेला, त्यातून पलंग दिसेना, माणूस दिसेना, फक्त छताजवळ फिरणारा पंखा तेवढा दिसला.

पंखा. तिने स्टूलवरून उडी मारली आणि जिन्यातल्या मीटरच्या पेटीकडे धावली. त्या खोलीचं मेन बटण कुठलं, ते घरमालकिणीने दाखवलं. दिवसाउजेडी दिवा मिचकावून काय दिसणार, पण वारा थांबलेला अंगाला कळतो. फक्त एका गोष्टीची पंचाईत होती. पंखा पटकन थांबत नाही. दिव्यासारखं भराभर करून चालणार नव्हतं. तिने बटण पाडलं आणि दम धरून थांबली. चालू केलं, थांबली. पाडलं, थांबली. चालू केलं. आणि मग पाडलं ते पाडलेलंच ठेवलं. जेवायला चला, बाबा. ती पेटीवर कपाळ टेकून उभी होती.

आतून काहीच आवाज आला नाही. मग खालची कडी सरकली. मग वरची.

जीव भांड्यात पडला म्हणतात तो खरोखर पडला, पण क्षणभरच. दारात मिस्त्री उभे होते आणि त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, मुठीत उलटा धरलेला, मारायला धरतात तसा. चेहरा पांढरा फटक. तिला बघितल्यावर त्यांनी हात खाली केला. घरमालकिणीने लोकांना पांगवलं आणि स्वतःही शहाणपणाने निघून गेली.

मग त्यांनी सांगितलं. ती गेल्यावर ते खिडकीशी उभे होते. दार नुसतंच ओढलेलं. कुणी माणूस, पाण्याचं मीटर बघणारा असावा, बहुधा हाका मारून थकून आत आला आणि त्याने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. तो बिचारा त्यांच्याहून जास्त घाबरून पळाला. पण मिस्त्रींच्या उभ्या आयुष्यात कुणी असं न कळवता त्यांच्या पाठीमागे येऊन उभं राहिलं नव्हतं. जमीन त्यांना आधी सांगायची. ही जमीन बोलली नाही. मग त्यांनी दोन्ही कड्या लावल्या आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसले. दार हादरताना दिसलं तेव्हा तर कुणी ते फोडून आत येतंय असंच वाटलं. पंखा बंद पडला तेव्हा त्यांना वाटलं, आता काहीतरी नवीन सुरू झालं. तो दोनदा थांबून सुरू झाला आणि मग थांबूनच राहिला, तेव्हा कुठे जेवायची खूण ओळखीची वाटली, तरी त्यांनी हत्यार हातात धरूनच कड्या काढल्या.

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मूठ आवळली आणि पोटावर धरली.

कवळीताई बघतच राहिली. तिची खूण, तिने काढलेली, आणि बाबांच्या पोटावर. तिने पिशवी ओढली आणि आणलेले कपडे भराभर आत कोंबायला सुरुवात केली. चला, घरी, आत्ताच्या आत्ता. आणि कोंबता कोंबता तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येतंय ते काही सगळं बाबांसाठी नाही. आपली सुटका झाली म्हणून येतंय. बाबांना इथे भीती वाटते, मी काय करणार? सुपरवायझरला सांगायला छान कारण मिळालं, मास्तरांना सांगायलाही, आणि त्या लांबच लांब पांढऱ्या खोलीत एकटीने जायची वेळ टळली. आपल्याला याची लाज वाटायला हवी असंही तिला वाटलं, पण लाजेपेक्षा सुटका मोठी होती.

तोपर्यंत मिस्त्री दारापाशी गेले होते. लोकांच्या खांद्यांनी वरच्या कडीचे स्क्रू उपटत आले होते. त्यांनी ते एकेक करून घट्ट केले. हात थरथरत होता, पण स्क्रूची खाच सापडली की थरथर थांबायची. मग खालची कडी. ती भोकात नीट बसत नव्हती, तर खिशातून कानस काढून त्यांनी भोक जरा मोठं केलं, कडी सरकवून बघितली, पुन्हा घासलं. तिला वाटलं, सुताराचा स्वभाव, आपण मोडलं ते दुरुस्त केल्याशिवाय निघायचे नाहीत. ती पिशवीवर बसून राहिली.

मग त्यांनी तिला बोलावलं. तिचा हात धरून कडीवर ठेवला. लाव. तिने लावली. लोण्यातून गेल्यासारखी गेली. काढ. काढली. पुन्हा लाव. दोन्ही. ती हसली, म्हणाली, कळलं, छान झाली, आता निघू या.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आपल्या पुढच्या दातांवर नख वाजवलं, आणि बोट खाली जमिनीकडे केलं. मग हात फिरवून रात्र दाखवली, आणि दोन्ही कड्यांना हात लावला. तू इथे. रोज रात्री, दोन्ही.

"आणि तुम्ही?" ती तोंडाने बोलली, हातांचं भानच राहिलं नाही. पण तिचं तोंड त्यांना चांगलं वाचता यायचं.

त्यांनी गळ्याभोवती टेप फिरवला. शिंपी. मग पाय उचलून हळूच दोनदा जमिनीवर टेकवला आणि हात लांब, खिडकीच्या बाहेर, बसच्या वाटेकडे केला. माझ्या फळ्या तिथे.

तिने नाही म्हटलं. मान हलवून म्हटलं, दोन्ही हातांनी म्हटलं. एकटे राहणार? हात कापतो, जेवणाचं काय, पडलात तर? तिने मूठ आवळली आणि स्वतःच्या पोटावर एवढ्या जोरात धरली की दुखलं. मला भीती वाटते. बाबा, मला भीती वाटते. लहानपणी एवढं केलं की ते सगळं टाकून उठायचे आणि तिला उचलून घ्यायचे. मिस्त्रींनी तिच्या मुठीकडे बघितलं. मग त्यांनी तशीच मूठ आपल्या पोटावर धरली. मलाही. आणि डोळे मिटून घेतले.

तिने पाय आपटला. अजून एकदा आपटला. मिस्त्री दाराला टेकून डोळे मिटून उभेच राहिले, त्यांना काही कळलं नाही, आणि हसू तर आलंच नाही. खिडकीतून येणारं ऊन पिवळं पडत चाललं होतं, तिकडे सुपरवायझर फोनची वाट बघत असणार. तिचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. हात लावला की त्यांनी डोळे उघडले असते, आणि मग तिला उत्तर द्यावं लागलं असतं. नाही म्हणायला आता तिच्याकडे कुठलंही कारण उरलं नव्हतं. ती तशीच, हात पुढे केलेला, त्यांच्यासमोर उभी राहिली.